वाटेगावचे अण्णाभाऊ अन् चिरागनगरची झोपडी
वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० ला जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ. शाळेत गेले जेमतेम दीड दिवस! पोटासाठी घरच्यांबरोबर चालत मुंबई गाठली, गिरणीत राबले. पुढं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत बिऱ्हाड केलं. तिथली दारिद्र्यात पिचलेली माणसंच ‘चिरागनगरची भुतं’मध्ये उतरली. ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ ला राज्य पुरस्कार मिळाला, त्याच साली ते रशियाही पाहून आले. मुक्काम मात्र झोपडीतच. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं, पण फार उशिरा. १८ जुलै १९६९ ला तिथंच ते गेले. आज मानखुर्दला अण्णाभाऊ साठे नगर आहे. तिथंही झोपड्याच आहेत.