चापिंगोचे खानखोजे मास्तर

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांची गोष्ट एका नोकरीपासून सुरू होते. कुणाचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत लागले, कुणाचे रेल्वेत, आणि घर इथलेच झाले. म्हणूनच यंदा आम्ही डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र निवडले. क्रांतिकारक म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला लिहायचे आहे ते त्यांच्या नोकरीविषयी.

वर्ध्याचे खानखोजे १९०६ च्या सुमारास देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेले. मिळेल ते काम करत शेतीशास्त्र शिकले. १९१३ साली गदर पक्षाच्या स्थापनेत ते होते. महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रज फौजेशी लढले, पुढे बर्लिन आणि मॉस्कोही झाले. १९२४ उजाडले तेव्हा चाळिशीच्या आसपासच्या या माणसाजवळ शेतकीची पदवी होती, पण पाय टेकायला देश नव्हता. मायदेशी परतावे तर तुरुंग. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतीय मजुरांना दार लावलेले, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वही नाकारले.

खानखोजे गेले मेक्सिकोला. तिथे क्रांती नुकतीच शमली होती. मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून काल-परवाच्या मजुरांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण त्यांना पेरणी-बियाण्याचे शास्त्र शिकवणार कोण? शेतीखात्याचे मंत्री राहिलेले रामोन दे नेग्री खानखोज्यांचे स्नेही होते, त्याचा उपयोग झालाच. मात्र ओळखीने फार तर दार उघडते. आत टिकवले ते शेतीच्या ज्ञानाने. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात, एका जुन्या जमीनदारीच्या आवारात, ते प्राध्यापक झाले. लपूनछपून नव्हे, सरकारी पगारावर, स्वतःच्या नावाने. वर्षानुवर्षे जिवावर उदार होऊन फिरलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

शिकवायचे ते स्पॅनिशमधून. मका हे तिकडचे मुख्य अन्न, म्हणून त्यांनी मकाच हाती घेतला. त्याच्या तेओसिंते नावाच्या रानटी भाईबंदाशी संकर करून नवे वाण काढले. त्या कणसांची छायाचित्रे तिना मोदोत्ती यांनी टिपली. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळाही चालवल्या. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. दिएगो रिव्हेरा यांनी तर शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, सर्वांना भाकरी मोडून देणाऱ्याच्या जागी, खानखोज्यांनाच रंगवले.

१९३६ मध्ये त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी लग्न केले. मुली तिकडेच जन्मल्या. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि नागपुरात राहिले. १९६७ साली तिथेच वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला.