वादाकडून अभंगाकडे : रेव्हरंड ना. वा. टिळक

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास हा बव्हंशी वादविवादांचा इतिहास आहे. १८३० च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात खंडनमंडन झाले. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी तेथील समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. या वादांनी मराठी गद्य सकस झाले. मने कितपत वळली, हा प्रश्न निराळा. या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळकांचे (लोकमान्यांशी त्यांची गल्लत होऊ नये) चरित्र लक्षणीय ठरते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या काव्यविषयक गोष्टी झाल्या आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वाद असा झालाच नाही. त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 

खरी कसोटी घरातच होती. पत्नी लक्ष्मीबाईंवर या वार्तेने आकाश कोसळले. त्या मुलासह माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिल्या. पुढे त्या पतीजवळ आल्या त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच, आणि टिळकांनी ते त्यांना सांभाळू दिले. पत्नीचा धर्म हा तिचा प्रश्न आहे, असे मानून पाच वर्षे थांबणे ही त्या काळातील पतीच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. मात्र टिळकांना शांतमूर्ती ठरविणे सत्यास धरून होणार नाही. ते कमालीचे तापट आणि लहरी होते. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकास हे सांगण्याची गरज नाही. अशा मनुष्याने या एका बाबतीत संयम पाळला, म्हणूनच तो अर्थपूर्ण वाटतो.

अहमदनगरच्या वास्तव्यात त्यांनी प्रसारासाठी जी साधने निवडली ती अभंग, भजन आणि कीर्तन ही होत. तुकाराम हा आपणास ख्रिस्ताकडे नेणारा पूल ठरला, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे जुने टाकून द्या असे श्रोत्यास सांगण्याचे त्यांना कारणच उरले नाही. ओवीची वाट अर्थात नवी नव्हती. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचे आहे. परंतु स्टीफन्सला ही भाषा आपलीशी करावी लागली, टिळकांना ती मातेच्या दुधाबरोबर मिळालेली होती. मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गाइली जातात, यात नवल नाही.

१९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. मिशनमधील अनेकांना ही मोकळीक रुचणे कठीणच होते. तो प्रयोग रुजण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा जेमतेम दहा अध्यायांपर्यंत आले होते. उरलेल्या भागाचा फार मोठा हिस्सा पुढे लक्ष्मीबाईंनी रचला.