पुस्तकासाठी आसुसलेला श्याम

सानेगुरुजींचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या खानदेशात विरळाच. पण पुस्तक विकत घेता न येणाऱ्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. औंधला हाताने स्वयंपाक करून, उपास काढून ते शिकले. १९१७ साली आई गेली. पुढे एम. ए. होऊन १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले व छात्रालय सांभाळू लागले. पगार गरीब मुलांवरच खर्च होई. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. त्याला ना छपाईचा खर्च, ना वर्गणी!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. आपल्या चाळीसगावाहून धुळ्याची गाडी सुटते, त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील अठरा प्रवचने गुरुजींनी भराभर उतरून घेतली. ते पुस्तक आजही अल्प किमतीत मिळते.

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहून झाले. त्यात पुस्तकांसाठी श्याम पाहुण्याचे पैसे उचलतो, तो प्रसंग आहे. आईने चोरी खपवून घेतली नाही, हे योग्यच. पण पुस्तकासाठी आसुसलेल्या पोराला चार पैसे देता येत नाहीत, हे त्या माउलीला किती लागले असेल! आपल्याही घरी वाण्याची यादी आधी, शाळेची पुस्तके मग, आणि गोष्टीचे पुस्तक उरले तर. पोर दुकानाच्या काचेशी रेंगाळते आणि आपण हात धरून पुढे नेतो.

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. गरीब मुलांसाठी निघालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आताच्या पुणे विद्यार्थी गृहाने, ‘श्यामची आई’ वर्षानुवर्षे छापले. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क सुटतो. तसा तो २०१० अखेर सुटला आणि आता कोणीही ते छापू शकतो. म्हणून बाजारात त्याच्या अनेक आवृत्त्या दिसतात. घेताना पाने मात्र मोजून घ्यावीत. स्वस्तासाठी काही ठिकाणी मजकूर कापलेला असतो.