विश्लेषण : हास्यवायू, हम्फ्री डेव्ही आणि पापणीवरची गाठ

पापणीवरचा लहान कर्करोग कापण्याऐवजी गोठवून नष्ट करता येतो. या क्रायोथेरपीत वापरला जाणारा एक वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, अर्थात हास्यवायू. त्याचे गुण प्रथम ओळखणाऱ्या शास्त्रज्ञाची ही कहाणी.

डेव्ही कोण होते?
हम्फ्री डेव्ही यांचा जन्म १७७८ मध्ये इंग्लंडमधील पेन्झान्सचा. वडील लाकडावर कोरीवकाम करत. ते लवकर वारले. डेव्हींनी एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी केली. १७९८ मध्ये ते ब्रिस्टलला, वायूंनी रोग बरे करू पाहणाऱ्या संस्थेत गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी हास्यवायू स्वतः हुंगला. हसू आलेच, पण अक्कलदाढेचा ठणकाही कमी झाला. शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडू शकेल, अशी नोंद त्यांनी १८०० च्या ग्रंथात केली.

संधी कुठे हुकली?
डेव्ही लंडनला गेले. १८०७ मध्ये त्यांनी सोडियम व पोटॅशियम वेगळे केले, १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला. हास्यवायू मात्र करमणुकीपुरता उरला. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने तो दात काढण्यासाठी वापरला १८४४ मध्ये. तोवर ४४ वर्षे रुग्ण वेदना सोसत राहिले. डेव्ही तर १८२९ मध्येच जिनिव्हात, वयाच्या ५० व्या वर्षी वारले होते.

डोळ्याशी संबंध काय?
१८१२ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली. लिहिण्यासाठी मदतनीस हवा म्हणून मायकेल फॅरेडे आले. त्याच फॅरेडेंनी १८२३ मध्ये दाब देऊन हास्यवायूचा द्रव केला.

आज उपचार कसा होतो?
सिलिंडरमध्ये दाबाखाली भरलेला वायू उपकरणाच्या टोकात अरुंद छिद्रातून एकदम प्रसरण पावतो आणि टोक अतिथंड होते. ते गाठीला लावले की पेशींत बर्फाचे कण तयार होऊन त्या मरतात. गोठवणे आणि वितळू देणे पुन्हा केले जाते. पापणीचे केस गळणे, त्वचा फिकी पडणे, गाठ परत येणे हे धोके असतात. त्यामुळे मोठ्या किंवा खोल गाठींसाठी शस्त्रक्रियाच योग्य ठरते.

लक्ष कधी द्यावे?
फैजपूर परिसरात केळीच्या बागांत वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्यांनी पापणीवरची न भरणारी जखम अंगावर काढू नये. एकाच जागी वारंवार होणारी रांजणवाडी किंवा गळणारे पापणीचे केसही नेत्रतज्ज्ञांना दाखवावेत. गाठ दुखत नाही म्हणजे ती साधी असतेच असे नाही; खात्री तुकडा तपासूनच होते.