सगळे शरीर रंगले, मेंदू मात्र कोरा! ब्रेन ट्यूमरच्या औषधांची वाट अडवणारी 'भिंत' आणि पॉल एर्लिख

मेंदूत गाठ असल्याची शंका आली की डॉक्टर 'कॉन्ट्रास्ट एमआरआय' लिहून देतात. बोदवडच्या रुग्णाला त्यासाठी जळगाव गाठावे लागते, पुढे गरज पडली तर रेल्वेने मुंबईचे टाटा रुग्णालय. तपासणीच्या वेळी हातातल्या शिरेतून एक द्रव सोडतात. रुग्ण त्याला सरळ 'डाय' म्हणतात. निरोगी मेंदूत हा द्रव रक्तवाहिन्यांबाहेर पडतच नाही. गाठीमुळे जिथे रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात तिथे तो झिरपतो आणि तेवढा भाग पांढरा चमकतो. अनेक गाठी डॉक्टरांच्या नजरेस पडतात त्या यामुळेच.

रक्तात सोडलेला पदार्थ सगळ्या शरीरात जातो, पण मेंदू त्याला आत येऊ देत नाही, ही गोष्ट सुमारे १४० वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरच्या लक्षात आली. त्यांचे नाव पॉल एर्लिख. त्यांनी त्याचे जे कारण सांगितले, ते मात्र चुकीचे निघाले. ब्रेन ट्यूमरवर औषध शोधणाऱ्यांची अर्धी शक्ती आजही याच अडथळ्यापाशी खर्च होते.

रंगांचे वेड

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या प्रशियातल्या श्ट्रेलेन गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. त्या काळात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचा उद्योग जोरात होता. हे रंग कापडासाठी होते, पण एर्लिख यांचे नातलग आणि पॅथॉलॉजिस्ट कार्ल वायगर्ट यांनी ते सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींवर वापरले होते. तरुण एर्लिख यांना तिथूनच नाद लागला. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही ऊती रंगवण्याच्या शास्त्रावर.

नाद नेमका कशाचा, हे कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला पटकन कळेल. लोकरीवर पक्का बसणारा रंग सुती कापडावरून धुऊन जातो. सुती कापडावर थेट बसणारा पहिला कृत्रिम रंग, काँगो रेड, १८८४ मध्ये आला. म्हणजे धागा आणि रंग यांची जोडी जुळावी लागते. पेशींचेही तसेच असते का, हा एर्लिख यांचा प्रश्न होता. एखादा रंग एकाच प्रकारच्या पेशीला का चिकटतो आणि शेजारच्या पेशीला का नाही? आयुष्यभर ते याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

१८८५: मेंदू कोरा राहिला

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करताना त्यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तात वेगवेगळे रंग सोडले. काही रंगांनी जवळजवळ सगळे अवयव रंगले. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र तसेच राहिले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एर्लिख यांनी हे नोंदवले. त्यांच्या मते मेंदूच्या ऊतीला या रंगांची ओढच नव्हती.

हे कारण तेव्हा वेडगळ नव्हते. मिथिलीन ब्लू नावाचा रंग मज्जातंतूंना छान रंगवतो, हे त्यांनीच लगेच पुढे दाखवले. एक रंग चिकटतो आणि दुसरा चिकटत नाही म्हटल्यावर सगळा मामला आवडीनिवडीचा वाटणे साहजिक होते. मधे एखादी भिंत असेल आणि काही पदार्थ ती ओलांडत असतील, हा विचार त्यांना सुचला नाही.

क्षय, नोबेल आणि 'जादूची गोळी'

१८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना क्षय झाला. कोरड्या हवेसाठी ते पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. पुढे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत घटसर्पाच्या प्रतिविषाचे मोजमाप ठरवण्याचे मोठे काम त्यांनी केले. १८९९ पासून ते फ्रँकफर्टच्या संस्थेचे प्रमुख होते. १९०८ चे नोबेल त्यांना मेचनिकोव्ह यांच्याबरोबर विभागून मिळाले, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दिवसभर सिगार आणि सहकाऱ्यांना रंगीत पेन्सिलींनी लिहून दिलेल्या सूचनांच्या चिठ्ठ्या, अशी त्यांची ओळख होती.

याच काळात त्यांची 'जादूची गोळी' ही कल्पना पक्की झाली. रंग जसा ठरावीक पेशीच पकडतो, तसे औषध फक्त रोगजंतूला लागावे आणि शरीराला धक्का लावू नये. मूळ जर्मन शब्दातली गोळी बंदुकीची आहे. मराठीत औषधाचीही गोळीच असते, त्यामुळे कल्पना आपल्याकडे आणखी चपखल बसते.

कर्करोगावरही त्यांनी काही वर्षे घालवली. एका उंदरातली गाठ दुसऱ्यात रुजवून ते तिचा अभ्यास करत. औषध सापडले नाही, पण त्यांच्या नावाचा 'एर्लिख ट्यूमर' नवी औषधे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत वाढवला जातो.

६०६ यशस्वी, पण मेंदूपाशी अडले

१९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी आधी बाजूला टाकलेले ६०६ क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त संयुग पुन्हा तपासले. ससे सिफिलिसमधून बरे झाले. १९१० मध्ये हे औषध साल्व्हारसान नावाने बाजारात आले आणि जगभर मागणी सुरू झाली. दुष्परिणामही होते, काही मृत्यू झाले. एर्लिख यांच्यावर नफेखोरीचे आरोप झाले आणि १९१४ मध्ये त्यांना न्यायालयात साक्षीला उभे राहावे लागले.

मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर मात्र साल्व्हारसान तोकडे पडत होते. रक्तात औषध भरपूर असूनही मेंदूत पुरेसे पोहोचत नव्हते. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या स्विफ्ट आणि एलिस या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. साल्व्हारसान दिलेल्या रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातला द्रवभाग वेगळा करायचा आणि तो पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायचा. औषध तेच होते, नेण्याचा रस्ता तेवढा बदलला.

भिंत असल्याचा पुरावा १९१३ मध्ये मिळाला, तोही एर्लिख यांच्याच शिष्याकडून. एडविन गोल्डमन यांनी प्रयोग उलटा केला. ट्रिपॅन ब्लू हा रंग त्यांनी रक्तात न सोडता थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू आणि मज्जारज्जू निळे झाले, बाकीचे शरीर नाही. म्हणजे मेंदूला रंग चालत होता, फक्त रक्तातून तो आत जात नव्हता. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिख यांचे निधन झाले.

ही भिंत प्रत्यक्ष दिसायला १९६७ उजाडले. रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले की, मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात. हाच 'ब्लड-ब्रेन बॅरियर'.

मग औषध आत न्यायचे कसे?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे भिंत ओलांडणारा लहान रेणू निवडणे. ग्लायोब्लास्टोमा या घातक गाठीत दिली जाणारी टेमोझोलोमाइडची कॅप्सूल तशीच आहे. २००५ च्या मोठ्या चाचणीत रेडिएशनबरोबर ती दिल्यावर निम्मे रुग्ण जगण्याचा काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. फरक अडीच महिन्यांचा, तरीही ही उपचारपद्धती जगभर रूढ झाली. यावरून अडचण किती मोठी आहे हे कळते.

दुसरा उपाय भिंतीलाच वळसा घालतो. शस्त्रक्रियेत गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत कार्मुस्टिन औषधाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या चकत्या ठेवतात. अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. बारीक नळीतून दाब देऊन औषध थेट गाठीत झिरपवण्याची पद्धतही १९९४ पासून अभ्यासली जात आहे, पण मोठ्या चाचणीत ती या चकत्यांपेक्षा सरस ठरली नाही.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. गाठीपाशी भिंत गळकी असते, एमआरआयमध्ये ती चमकते, मग औषध का जात नाही? जाते, पण मधल्या भागात. कडेला निरोगी मेंदूत शिरलेल्या पेशींभोवती भिंत बऱ्याचदा शाबूत असते आणि आजार उलटतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

सध्या जास्त चर्चा आहे ती अल्ट्रासाउंडची. शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि बाहेरून ध्वनिलहरी मेंदूच्या ठरावीक जागी रोखतात. बुडबुडे थरथरतात, पेशींमधली शिवण काही तास सैल होते, तेवढ्यात औषध द्यायचे. साधारण दिवसभरात भिंत पुन्हा मिटते. कवटी न उघडता ब्रेन ट्यूमरच्या रुग्णावर हा प्रयोग २०१५ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो इथे झाला. हा उपचार अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे.

प्रयोगशाळेत उंदरांवर हे तंत्र वापरताना भिंत खरोखर उघडली का, हे तपासण्यासाठी रक्तात इव्हान्स ब्लू सोडतात. ट्रिपॅन ब्लूच्याच घराण्यातला हा रंग आहे. ध्वनिलहरी रोखलेला मेंदूचा तेवढाच ठिपका निळा दिसला की काम झाले असे समजतात.