डॉ. एगास मोनिझ

गोव्यात पणजी शहरी, मांडवी नदीच्या काठी जुन्या सचिवालयालगत एक विलक्षण पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन कलंडत आहे. हा पुतळा कांदोळी गावी जन्मलेल्या आबे फारिया यांचा. संमोहनविद्येच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवलेल्या या गोमंतकीयाचे चरित्र १९२५ साली पोर्तुगालमधील एका डॉक्टरांनी लिहिले. त्यांचे नाव एगास मोनिझ. त्यानंतर दोनच वर्षांनी याच डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या जगाला दाखवल्या.

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी आव्हांका या खेड्यात झाला. कोइंब्रा येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. परंतु ऐन तारुण्यातच संधिवाताने त्यांना गाठले व हाताची बोटे वाकडी झाली. शस्त्रक्रिया करणे त्यांना कधीच शक्य झाले नाही. १९११ साली ते लिस्बन येथे मज्जाविकारांचे प्राध्यापक झाले. मध्यंतरी राजकारणात शिरून ते राजदूत झाले, परराष्ट्रमंत्रीही झाले. ते सारे सोडून, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला.

क्ष-किरणांच्या छायाचित्रात कवटीचे हाड स्पष्ट दिसते, पण आतल्या मऊ मेंदूची सावली पडत नाही. त्यामुळे मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे, हे कळणे फार कठीण असे. मोनिझ यांनी विचार केला, की क्ष-किरणांना अडवणारा एखादा द्रव मानेतील धमनीत सोडला आणि तो वाहून जाण्यापूर्वीच छायाचित्र घेतले, तर रक्तवाहिन्यांची सारी शाखा-उपशाखा उमटेल. जेथे गाठ असेल, तेथे त्या बाजूला ढकललेल्या दिसतील.

प्रथम कुत्र्यांवर व मृतदेहांवर प्रयोग झाले. मग रुग्णांवर स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचा द्रव वापरला गेला. त्यात एका रुग्णाचा मृत्यू झाला. मोनिझ यांना मोठा धक्का बसला व त्यांनी प्रयोग थांबवले. विचारांती त्यांनी तो द्रव टाकून सोडियम आयोडाइड घेतले. त्यांचे तरुण सहकारी अल्मेडा लिमा हे जणू त्यांचे हातच होते; मानेतील धमनी उघडी करण्याचे काम तेच करत. अखेर २८ जून १९२७ रोजी एका तरुण रुग्णाच्या छायाचित्रात मेंदूच्या धमन्या उमटल्या, आणि गाठीमुळे त्या सरकलेल्याही दिसल्या.

या तपासणीचा उपयोग गाठीपुरताच राहिला नाही. रक्तवाहिनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी झाली, म्हणजे तेथे ती फुग्यासारखी फुगते. हा फुगवटा फुटला, तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊन चालता-बोलता माणूस कोसळतो. असा फुगवटाही १९३३ साली मोनिझ यांच्या छायाचित्रात दिसला. पुढे १९३७ साली अमेरिकेतील डॉ. वॉल्टर डँडी यांनी एका फुगवट्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावून त्यात जाणारे रक्त बंद केले.

मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते या शोधाकरिता नव्हे. मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याची एक शस्त्रक्रिया त्यांनी १९३५ साली सुरू केली होती. तो मान तिच्याकरिता होता. तिच्यामुळे अनेकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली व पुढे ती टाकून देण्यात आली. थोरांच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. १३ डिसेंबर १९५५ रोजी मोनिझ यांचे लिस्बन येथे निधन झाले.

रक्तवाहिन्यांच्या चित्रणाची पद्धत मात्र टिकली. आज छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातही ही तपासणी होते. आता मान चिरावी लागत नाही. मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून एक बारीक नळी मानेपर्यंत नेतात व तीतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात. फुगवटा आढळल्यास त्याच वाटेने प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी आत बसवून तो बंद करता येतो. फुगवटा अगदी लहान असला, तर डॉक्टर कित्येकदा त्याला हात लावत नाहीत. ठरावीक काळाने नवे चित्र घेतात आणि तो वाढला आहे काय, हे जुन्या चित्राशी ताडून पाहतात.