ॲना पावलोवा : दुर्बल पावलांनी घडवलेला इतिहास

बागबाजार (कोलकाता), ता. २३ जानेवारी : जगद्विख्यात रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा यांचा आज स्मृतिदिन. १९३१ मध्ये याच दिवशी, वयाची पन्नाशी पूर्ण होण्यास अवघे तीन आठवडे उरले असताना, नेदरलँड्समधील द हेग येथे फुप्फुसावरणाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. पायाच्या बोटांच्या टोकांवर देह तोलून केले जाणारे नृत्य जगभर पोहोचवणाऱ्या या कलावतीची पावले मात्र त्या नृत्यास अनुकूल मानली गेली नव्हती. बोटांवर उभे राहण्याचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातील नेमका हा भाग जाणून घ्यावा.

पावलोवा यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८८१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. आई धोबीकाम करून घर चालवी. बालपणी मारिन्स्की नाट्यगृहात ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले पाहून त्यांनी नर्तिका होण्याचा निश्चय केला. वयाच्या नवव्या वर्षी शाही नृत्यशाळेने त्यांना अशक्त प्रकृतीमुळे परत पाठवले. दहाव्या वर्षी, १८९१ मध्ये, प्रवेश मिळाला. त्या काळी आटोपशीर, पिळदार बांध्याच्या नर्तिकांची चलती होती. पावलोवा सडपातळ, हातपाय लांब, घोटे कमकुवत आणि पावलांची कमान फार उंच. इटालियन नर्तिकांच्या वेगवान गिरक्यांचे अनुकरण त्या करू लागल्या, तेव्हा शिक्षक पावेल गेर्ट यांनी त्यांना रोखले आणि स्वतःच्या देहाला साजेशी शैली जोपासण्यास सांगितले. पुढे एन्रिको चेकेत्ती यांच्या काटेकोर तालमीत त्यांच्या पायांना बळ आले. १८९९ मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या पावलोवा १९०६ मध्ये प्रमुख नर्तिका झाल्या.

वर्गातील मैत्रिणीने बोटांवर नाचण्याचे ‘पॉइंट शूज’ घातले म्हणून आपणही घालावेत, ही घाई नवशिक्यांना महागात पडते. पावलाची हाडे वाढीच्या वयात पक्की झालेली नसतात. म्हणून अनेक वर्षांच्या नियमित शिक्षणानंतर, साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या पुढेच हे बूट दिले जातात. वयाहून महत्त्वाची ठरते ती घोटा, पोटरी, पोट आणि पाठ यांची ताकद. गुडघा सरळ ठेवून, घोटा आत वा बाहेर न झुकवता, एका पायाच्या चवड्यावर पुनःपुन्हा संथपणे उठता येत नसेल, तर थांबणेच हिताचे. आरंभी आठवड्यातून थोडाच वेळ, आधाराचा दांडा धरून, दोन्ही पायांवर सराव करावा.

बुटांच्या बाबतीत पावलोवा यांनी स्वतःचा मार्ग काढला. उंच कमानीमुळे अंगठ्यावर अतिरिक्त भार येई. त्यांनी बुटांत टणक चामड्याचा तळ बसवून घेतला आणि पुढचे टोक रुंद व कठीण केले. काहींनी याला लबाडी म्हटले. पण आजच्या बुटांची घडण त्याच दिशेने झाली. बूट पावलासाठी असतो, हा त्यातील धडा. तो जाणकारासमोर घालून पाहूनच घ्यावा. पाय वाढेल म्हणून एक माप मोठा बूट घेण्याची पालकांची काटकसर येथे घातक ठरते, कारण सैल बुटात पाऊल खाली घसरून सगळा भार बोटांवर येतो. कापसाचे जाड थर भरल्याने जमिनीचा अंदाज हरपतो. तळ मऊ पडलेला बूट वेळीच टाकून द्यावा. कातडी सोलवटणे किंवा स्नायू दुखणे एक वेळ स्वाभाविक म्हणता येईल; परंतु घोट्यात अथवा हाडात तीव्र कळ आल्यास सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पावलोवा १९२२च्या सुमारास आणि पुन्हा १९२८-२९ मध्ये भारतात आल्या. मुंबई व कोलकाता येथे त्यांचे प्रयोग झाले. या कोलकात्यातील बागबाजारात १८६८ मध्ये गिरीशचंद्र घोष प्रभृतींनी हौशी नाटक मंडळी उभारली होती आणि त्यातील कलावंतांच्या पुढाकाराने १८७२ मध्ये बंगालची सार्वजनिक रंगभूमी उदयास आली. पण रंगमंचावर नाचणाऱ्या स्त्रीकडे सभ्य समाज पुढेही दीर्घकाळ संशयाने पाहत राहिला. अशा काळात पावलोवा यांनी भारतीय नृत्याची आस्थेने विचारपूस केली. १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारित बॅले सादर केला आणि तरुण उदय शंकर यांच्यासह राधा-कृष्णाचे नृत्य केले. उदय शंकर आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल या दोघांनाही त्यांनी आपल्या मातीतील नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला. शिक्षक गेर्ट यांनी त्यांना दिलेल्या सल्ल्याशी याचे नाते उघड आहे.

कीर्तीच्या शिखरावर असतानाही पावलोवा चेकेत्ती यांच्याकडे शिकत राहिल्या आणि दौऱ्यांच्या धावपळीतही दांड्यापाशी उभे राहून रोजचा प्राथमिक सराव करीत राहिल्या.